फादर, माणूस कसा आहे?

माझ्या कचेरीच्या दारामागे खिळे ठोकलेली एक लाकडी फळी आहे. तिच्यावर नऊ किल्ल्या टांगलेल्या असत. पाहुण्यांना वाटे, या चर्चच्या, शाळेच्या किंवा कपाटांच्या किल्ल्या असतील. तसे नव्हते. त्या माझ्या धर्मग्रामातल्या बंद घरांच्या किल्ल्या होत्या. कोणाचा मालक मालाडला, कोणाचा वसईला, कोणाचा कुवेतला. मे महिन्यात ही मंडळी येतात, घरे उघडतात, जाळी-जळमटे काढतात, आंबे-फणस खातात, आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावतात आणि मृगाची पहिली सर कोसळली की गाडी पकडतात. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवतात आणि म्हणतात, "फादर, महिन्यातून एकदा खिडक्या तेवढ्या उघडून घ्या." दीक्षेच्या वेळी माणसांचा मेंढपाळ होण्याचे वचन मी दिले होते. बंद घरांचाही मेंढपाळ व्हावे लागेल, असे सेमिनरीत कोणी सांगितले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये एक कुटुंब कचेरीत आले. नवरा सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या होडीवर मदतनीस; बायको शिवणकाम करते; मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. गेली पाच वर्षे गावातल्या दोन खोल्यांत राहत होते. मालकाने सांगितले होते की, खोल्या आता पर्यटकांसाठी लागणार, महिनाअखेर रिकाम्या करा. भांडण नव्हते, कटुताही नव्हती. हे कुटुंब महिन्याला जेवढे भाडे देई तेवढे पैसे मालकाला हंगामात चार रात्रींत मिळणार होते, इतकाच साधा हिशेब होता. तारकर्ली-देवबागचे नाव झाले, २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला, गावोगाव निवास-न्याहारीच्या पाट्या लागल्या. ही भरभराट कोणाला नको आहे? पण पाहुण्यांसाठी खोल्या वाढत गेल्या तशा राहणाऱ्यांसाठी त्या कमी होत गेल्या.

आईवडील आपली अडचण सांगत असताना धाकटा मुलगा दारामागची फळी न्याहाळत होता. किल्ल्या मोजून झाल्यावर त्याने विचारले, "फादर, हीं सगळीं घरां तुमचीं?" मी हसलो खरा, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

एका किल्लीची मालकीण मावशी त्या वेळी गावातच होती. संध्याकाळी मी तिच्या खळ्यात जाऊन बसलो. चार खोल्या, पडवी, विहीर. वर्षातले अकरा महिने कुलूप. दर वर्षी कौले परतायची, वाळवीचे औषध मारायचे, घरपट्टी भरायची, उत्पन्न शून्य. मी विषय काढताच तिने दोन्ही हात जोडले. "फादर, घर बंद रवला तरी चलात, पण भाडेकरू नको. उद्या कूळ लागला तर मी खंय जाव?"

वाचकहो, "कूळ लागेल" हे दोन शब्द आपल्या कोकणात किती घरांना कुलूप घालून बसले आहेत! मावशीला हसण्यात अर्थ नाही, कारण या भीतीला इतिहास आहे. खोतीच्या अमलाखाली पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुळांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक ठरला. तो न्यायच होता. परंतु ज्यांच्या हातून जमीन गेली, त्यांत मोठे खोत होते तसे मुंबईला नोकरीला गेलेले लहान मालकही होते. त्या घरांतल्या आज्यांनी नातवंडांना एकच धडा शिकवला : दुसऱ्याला पाय ठेवू देऊ नकोस. खरे तर तो कायदा शेतजमीन कसण्यासंबंधीचा. निव्वळ भाड्याने दिलेल्या घराला कूळ लागत नाही. मात्र शेतकुळाच्या राहत्या घरालाही त्या कायद्याने संरक्षण दिलेले असल्यामुळे लोकांच्या मनात शेत आणि घर यांची सरमिसळ झाली, ती आजतागायत सुटलेली नाही.

गंमत अशी की, जो चाकरमानी गावात भाडेकरूला घाबरतो तोच मुंबईत आयुष्यभर भाडेकरू म्हणून निर्धास्त झोपलेला असतो. माझे वडील माझगावच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. तेवढ्या भाड्यात आम्ही चार भावंडे वाढलो, शिकलो, आणि एकजण धर्मगुरू झाला. मी जो काही आहे त्यात त्या गोठलेल्या भाड्याचा वाटा आहे, हे मला नाकारता येणार नाही. पण त्याच भाड्यात जिन्याचे कुजलेले लाकूड बदलणे मालकाला परवडत नव्हते, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. असे जिने इतके झाले की १९६९ साली शासनाला मुंबईच्या जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. आणि १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत असा निर्वाळा दिला. वडील गावी पत्र लिहीत तेव्हा मात्र आजोबांना न चुकता बजावत, "पडवी कोणाला राहायला देऊ नका." एकाच माणसाच्या मनात भाडेकरूचा हक्क आणि मालकाची धास्ती अशी शेजारी शेजारी नांदत असते.

मावशीला मी काय उत्तर द्यावे? तिने नेहमीचा प्रश्न विचारलाच : "फादर, माणूस कसो आसा?" हा प्रश्न मला गेली पंचवीस वर्षे विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर देताना मी दोनदा मोठी चूक केली आहे.

पहिली चूक २००५ सालची. त्याच वर्षी पुणे धर्मप्रांतातून आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. मी तरुण होतो, उत्साही होतो, आणि गायकवृंदातल्या एका गृहस्थाला घर हवे होते. आवाज सुरेल, वागणे नम्र, रविवार चुकत नसे. एका विधवा आजीच्या मागील दोन खोल्या मी त्याला मिळवून दिल्या. कागद केला नाही. माझा शब्द हाच कागद होता. चार महिने भाडे आले, मग थांबले. आजीने मागितले की तो म्हणे, "आपले ठरले होते ते निम्मेच होते." ऑक्टोबरातला तो सामान्य काळातला सत्ताविसावा रविवार मला आठवतो. शुभवर्तमान होते द्राक्षमळ्याच्या खंडकऱ्यांचे. मालकाची माणसे खंड मागायला येतात आणि खंडकरी त्यांना मारून घालवतात, तो दाखला. प्रवचनपीठावरून मी मान वर केली. डावीकडे गायकवृंदात तो उभा, तिसऱ्या बाकावर आजी बसलेली. दोघेही माझ्याकडे पाहत होते. त्या दिवशी मी फार छोटे प्रवचन केले.

शेवटी दीड वर्षाने आजीनेच त्याला काही रक्कम देऊन घर सोडवून घेतले. आपले घर परत मिळावे म्हणून आपणच पैसे मोजायचे! ती मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, तुमी सांगलात म्हणान दिलंय." रागावली असती तर बरे झाले असते.

दुसरी चूक या पहिलीच्या पोटी जन्मली. दूध पोळल्यावर मी ताकही फुंकू लागलो. काही वर्षांनी चिऱ्याच्या खाणीवर काम करणारे एक परप्रांतीय कुटुंब खोली शोधत होते. मालक आमच्याच धर्मग्रामातले. त्यांनी विचारले, "फादर, माणूस कसा आहे?" मी म्हणालो, "मला ठाऊक नाही." हे खरे होते, पण माझ्या तोंडून ते "देऊ नका" असे ऐकू आले, आणि तसे ते ऐकू येणार हे मला कळत होते. कुटुंब खाणीजवळ प्लॅस्टिकच्या छपराखाली पावसाळा काढून निघून गेले. त्यांची मुलगी आमच्या शाळेत दुसरीत होती. हजेरीपटावर तिच्या नावापुढे तांबड्या शाईने रेघ मारताना मुख्याध्यापिका काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

या दोन्ही प्रसंगांवर मी पुष्कळ विचार केला. ओळखीच्या माणसाने फसवले आणि अनोळखी माणसाला मी फसवले. म्हणजे ज्या मापाने मी जोखीम मोजत होतो ते मापच खोटे होते. रविवारी माणूस कसा दिसतो, कोणत्या गावचा, कोणत्या जातीधर्माचा, मासे खाणारा की न खाणारा, यावरून तो पहिल्या तारखेला भाडे देईल की नाही, आणि मुदत संपल्यावर निघेल की नाही, हे कळत नाही. आपण स्वभावाची चौकशी करतो आणि व्यवहाराची करत नाही. ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत आपल्यापेक्षा व्यवहारी आहे. त्याच्या १२९०व्या नियमानुसार करारांच्या बाबतीत त्या त्या प्रदेशाचा नागरी कायदा पाळावा लागतो. सेमिनरीत हा नियम मी पाठ केला होता. परीक्षेनंतर विसरलो होतो.

म्हणून मी नागरी कायदा वाचायला बसलो, एका वकील मित्राला बरोबर घेऊन. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. तो सर्व खेड्यांना लागू नाही. अनुसूचीतल्या शहरांना लागू आहे. इतरत्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे आणि आपापल्या कराराप्रमाणे चालते. तेव्हा आपले घर कोणत्या हद्दीत येते, हे मालकाने आधी विचारून घ्यावे. जिथे हा कायदा लागू आहे तिथे घर देण्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. अकरा महिन्यांचा असला तरीही. अकरा महिन्यांच्या कागदाला नोंदणी लागत नाही हा आपल्याकडचा जुना समज तिथे चालत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम पुढे आहे : नोंदलेला करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाईल. हे वाचताना मला आजीच्या दोन खोल्या आठवल्या. "आपले ठरले होते ते निम्मेच होते," असे तो गायक ठामपणे म्हणत होता, आणि माझ्या शब्दावर विसंबून आम्ही त्याच्याच हातात ते हत्यार दिले होते.

भाडेकरू म्हणून जो घरात शिरला त्याला कायद्याने मोठा आधार दिला आहे. भाडे थकले तरी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने थकबाकी, पंधरा टक्के व्याज आणि खर्च भरला तर थकबाकीसाठी घर रिकामे करून मिळत नाही. पाणी किंवा वीज तोडून कोणाला हुसकावता येत नाही. उलट, राहण्यासाठी दिलेल्या घराचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल, तर मुदत संपताच घर परत द्यावे लागते. न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहणाऱ्याला दुप्पट आकार द्यावा लागतो. मावशीच्या "मी खंय जाव?" या प्रश्नाचे उत्तर पंचवीस वर्षांपासून छापील स्वरूपात उपलब्ध होते. तिला ते सांगायला कोणी गेले नव्हते, इतकेच.

कागदाखालोखाल पाहायचे ते भाडेकरूचे पंचांग. आपल्या किनाऱ्यावर पैसा बारा महिने सारखा येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या. अशा माणसाकडून जुलैत आणि डिसेंबरात सारखेच भाडे मागायचे आणि जुलैत थकले की त्याला लबाड म्हणायचे, हा आपला अडाणीपणा आहे. मावशीच्या ओट्यावर बसून आम्ही हिशेब मांडला. भाडे महिना ३,६०० रुपये, अकरा महिन्यांचे ३९,६००. जुलै आणि ऑगस्टमध्ये निम्मे, म्हणजे १,८०० प्रमाणे. सप्टेंबर ते मे महिना ४,०००. बेरीज तीच. अनामत तीन महिन्यांची; त्यातली अर्धी रक्कम धर्मग्रामाच्या मदतनिधीतून उसनी दिली, जी त्याने नाताळापूर्वी फेडली. दर महिन्याला पावती. पोलिस ठाण्यात माहिती. मुदत १ जुलै ते ३१ मे. ही तारीख मी हट्टाने घालून घेतली : घर बदलायचे झाले तर शाळेची परीक्षा झालेली असावी आणि पाऊस सुरू झालेला नसावा. शिवाय एक तोंडी अट : पुढच्या वर्षी घर द्यायचे नसेल तर मावशीने फेब्रुवारीतच सांगायचे.

मे आणि जून त्या कुटुंबाने आमच्या धर्मशिक्षणाच्या खोलीत काढला. मावशीने गाडीचे तिकीट पुढे ढकलले आणि करार नोंदवूनच मुंबई गाठली. अंगठ्याचा ठसा देताना म्हणाली, "लग्नाच्या वेळीसुद्धा इतके कागद केले नव्हते."

त्या वर्षी पावसाळ्यात मी त्या घराच्या खिडक्या उघडायला गेलो नाही. त्या उघड्याच होत्या. पडवीत शिवणयंत्र चालू होते, आणि एका कौलातून गळते आहे हे मला नव्हे, मालकिणीला त्याच दिवशी कळले होते.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण फेब्रुवारीत मावशीचा फोन आला. मुलाची कुवेतची नोकरी सुटली. तो बायकोमुलांसह गावी येणार. घर हवे. तिचा आवाज रडवेला होता. कायद्याने सारे तिच्या बाजूचे होते, गरज खरी होती, शब्द तिने पाळला होता. तरीही मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

भाडेनियंत्रण कायद्यात एक फार माणुसकीची तरतूद आहे. मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी घर खरोखर हवे असले तरी, ताबा दिल्याने किंवा न दिल्याने अधिक हाल कोणाचे होतील हे न्यायालयाने पाहावे, असे तो सांगतो. हा तराजू भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यासाठी नाही. तिथे फक्त तारीख आहे. मी मावशीला जो सुरक्षित कागद करून दिला, त्याच कागदाने त्या कुटुंबाच्या हातातला तो तराजू काढून घेतला होता. मालकाची जोखीम संपली तिथे राहणाऱ्याची सुरू झाली. माझे मत असे झाले आहे की, यावर उपाय कागद न करणे हा नाही. कागद नसता तर मावशीने कुलूपच काढले नसते. उपाय हा की, न्यायालयाने जो विचार करायचा तो अशा व्यवहारात मालकाने स्वतः करावा. तीन महिने आधी सांगणे, परीक्षेआधी न काढणे, पुढचे घर शोधायला चार फोन करणे. यांतले काहीही कायदा मागत नाही. म्हणूनच ते आपल्याकडे मागितले जाईल.

मावशीने ते केले. तिचा मुलगाही घर शोधत फिरला. तरी गावात जागा मिळाली नाही. शेवटी कट्ट्याच्या बाजूला मिळाली. मुलीची शाळा बदलली. नवरा पहाटेच्या एस.टी.ने होडीवर येतो. ३१ मेच्या दुपारी टेम्पो निघून गेल्यावर मी घर पाहायला गेलो. खळे झाडलेले होते. विहिरीवर कळशी पालथी ठेवलेली होती. किल्ली घेऊन धाकटा माझ्याकडे आला आणि आपण होऊन त्याने ती फळीवरच्या तिच्या खिळ्याला अडकवली. तिसऱ्या दिवशी मावशीचा मुलगा येऊन ती घेऊन गेला. आता फळीवर आठ किल्ल्या आहेत.

त्याआधी, करार करण्यापूर्वी, कट्ट्याच्या नव्या मालकांनी मला फोन केला होता. प्रश्न तोच : "फादर, माणूस कसा आहे?"

मी म्हणालो, "माणूस कसा आहे ते परमेश्वर जाणे. मी पाहिले तेवढे सांगतो. अकरा महिने मोजलेले भाडे दिले. जुलै-ऑगस्टमध्ये निम्मे ठेवा, पुढे भरून काढतो. उसने घेतलेले वेळेवर फेडले. तुम्ही कागद करा, नोंदवा, आणि मुदत मेअखेर संपेल अशी ठेवा." मग थोडे थांबून विचारले, "आणि आता तुम्ही सांगा. मालक कसे आहात?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते हसले आणि म्हणाले, "असे आजवर कोणी विचारले नव्हते, फादर."